एका रेघेनं खोडलेलं

हुडकेश्वर, नागपूर
९ जुलै २०२४

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली नाहीस ना? मीच आहे, तुझे गजभिये सर. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा तू पुण्याहून शाल पाठवली होतीस. ती अजून नवीच आहे, कारण नागपुरात शाल पांघरायला जेमतेम दीड महिना मिळतो.

काम असं आहे. कॉलेजनं मला परत बोलावलंय. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला नवा विषय आला आहे, माहिती तंत्रज्ञानाचं लेखापरीक्षण आणि नियंत्रण. तरुण मंडळींपैकी कुणी हात लावायला तयार होईना, म्हणून तासिका तत्त्वावर हा सहासष्ट वर्षांचा म्हातारा धरून आणला. मीही हो म्हणालो. घरी बसून शब्दकोडी सोडवण्यापेक्षा बरं, असं वाटलं. मग पुस्तक उघडलं आणि घाम फुटला.

मी जन्मभर कागदावरचं शिकवलं. जर्नल, खतावणी, तेरीज, व्हाउचरवरच्या खुणा. माझ्या वर्गात खोडरबराला बंदी होती, आठवतं? चूक झाली की एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आद्याक्षरं. व्हाइटनर दिसला की मी वही खिडकीतून बाहेर फेकत असे. तुझीही एकदा फेकली होती, ती बदामाच्या झाडात अडकली.

आता या पोरांना काय सांगू? संगणकात खोडलेलं दिसतं कुठे? तू रोज हेच काम करतेस. मला सोपी, जवळची उदाहरणं पाठव. मोबाइलवर नको. मोबाइलवर मला फक्त 'ओके' लिहिता येतं.

घरी सर्वांना जयभीम सांग.

तुझे,
प्रेमानंद गजभिये


पुणे
१७ जुलै २०२४

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

ती वही काढायला शिपायाची शिडी आणावी लागली होती, आणि खाली उभी राहून सगळी तुकडी टाळ्या वाजवत होती. मी ते विसरलेले नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत मी व्हाइटनर विकत घेतलेला नाही, हेही खरं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. संगणकातही खोडलेलं दिसतं. त्याला आम्ही लॉग म्हणतो. कोण आत आलं, किती वाजता, कुठल्या मशीनवरून, काय बदललं आणि आधी काय होतं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. तुमची आडवी रेघच समजा. फरक एवढाच की तिथली आद्याक्षरं माणसाची नसतात, पासवर्डची असतात. पासवर्ड ज्याच्या हातात, त्याची सही. म्हणून तर तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

दुसरं, भरणारा वेगळा आणि तपासून मंजूर करणारा वेगळा. एकाच माणसाकडे दोन्ही दिलं की चूक पकडायला कुणी उरतच नाही. मुलांना तीन प्रश्न पाठ करायला लावा. किल्ली कुणाकडे आहे? आणखी कुणाकडे आहे? आणि हे कुणाकुणाला ठाऊक आहे? मागच्या महिन्यात एका कारखान्यात मी साहेबांना हे विचारलं. ते म्हणाले, पासवर्ड फक्त माझ्याकडे. त्यांच्या मागच्या कॅलेंडरचं पान वाऱ्यानं उडालं आणि मागे मोठ्या अक्षरात पासवर्ड! चहा देणाऱ्या बाईंनाही पाठ होता.

आणि सर, बँकांची उदाहरणं देऊ नका, मुलं झोपतात. आपल्याच कॉलेजातलं काही सांगा. मी बाहेर पडल्यावर मार्कांच्या सॉफ्टवेअरमध्ये काही तरी गोंधळ झाला होता असं ऐकलं होतं. तोच का नाही घेत?

तुमची,
दीप्ती


हुडकेश्वर, नागपूर
२ ऑगस्ट २०२४

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वर्गात नेलं. तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. या विषयाच्या तासाला कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

तू म्हणालीस तसं कॉलेजातलंच उदाहरण घेतलं. 'एका कॉलेजात' अशी सुरुवात केली, शिक्षकांची-कर्मचाऱ्यांची नावं घेतली नाहीत. तुलाही तसंच सांगतो.

एका कॉलेजात अंतर्गत परीक्षेचे मार्क संगणकावर चढवायचे असत. शिक्षकानं आपल्या पासवर्डनं आत जायचं, मार्क भरायचे, यादीशी ताडून पाहायचे आणि मग 'मंजूर' दाबायचं. एक शिक्षक जुन्या वळणाचे होते, त्यांचं संगणकाशी जमत नसे. ऑफिसात कंत्राटावर एक ऑपरेटर बाई होती. २०१७ साली तिनं त्यांच्या पासवर्डनं आत जाऊन बासष्ट मुलांचे मार्क भरले आणि मंजूरही केले. शिक्षकाची कागदावरची यादी आडनावानं लावलेली होती, संगणकातली पहिल्या नावानं. तिनं वरून खाली भरत नेले. एकाचे मार्क दुसऱ्याला गेले. पियूष नावाचा चांगला मुलगा नापास झाला. विद्यापीठातून दुरुस्ती यायला आठ महिने लागले, त्यात त्याचं वर्ष गेलं. त्याच्या वडिलांनी, आनंदरावांनी, कॉलेज डोक्यावर घेतलं.

चौकशी समिती बसली. लॉग काढला. नाव शिक्षकाचं, मशीन ऑफिसातलं. बाईला विचारलं, पासवर्ड कुठून मिळाला? ती म्हणाली, सरांनाच विचारा. सरांना विचारलं. सर म्हणाले, मी कुणालाही दिलेला नाही. मग समितीनं ठरवलं की तिनं तो ओळखून काढला. पासवर्ड होता १४१०१९५६. त्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. ज्याच्या बापानं त्या दिवशी तिथे दीक्षा घेतली त्याचा पासवर्ड दुसरा काय असणार, हे नागपुरात कुणीही सांगेल, आणि बाई तर त्याच समाजातली. तिचं कंत्राट संपवलं. फाइलीत शेरा गेला, 'पासवर्डची चोरी'.

[येथे एक ओळ आडव्या रेघेनं खोडलेली. शेजारी आद्याक्षरं, प्रे. ग.]

वर्गाला विचारलं, चूक कुठे झाली? पासवर्ड फार सोपा होता, तो मधूनमधून बदलायला हवा होता, असं सगळं पुस्तकातलं आणि बरोबर आलं. मग मागच्या बाकावरून गुंजन नावाची मुलगी उठली.

"सर, समितीनं एकाच सालचा लॉग काहून पाह्यला? त्याच्या आधीचे मार्क कोन भरत होतं? तवाबी तेच ऑफिसातलं मशीन निघालं असतं तर?"

मी म्हणालो, आधीचा लॉग उपलब्ध नव्हता.

"मांगितला होता का पन कोनी?"

तेवढ्यात तास संपला.

जाता जाता एक. आपल्या ऑफिसातल्या शोभाताई आठवतात ना, त्या परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सर, ते मेघा आली होती जी. अनुभवाचा दाखला मांगून राहिली. फाइलीत ते शेरा हाय, मी कसा देऊ, सांगा?" सरकारी दवाखान्यात ऑपरेटरची कायम जागा निघाली आहे. पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिचा सगळा अनुभव आपल्याच कॉलेजातला. ३१ ऑगस्ट ही शेवटची तारीख. आता बेचाळीस वर्षांची आहे, पुढच्या जाहिरातीपर्यंत तिचं वय उलटेल. मी 'हो का' म्हणालो आणि वर्गावर गेलो.

पुढचं उदाहरण जरा बँकेचंच पाठव.

तुझे,
प्रेमानंद गजभिये


पुणे
९ ऑगस्ट २०२४

सर,

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही आपल्या कॉलेजातल्या मधुकरराव सरांची गोष्ट. त्यांच्याविषयी मी काहीही खरं मानलं असतं. मग तो कागद उजेडासमोर धरला. खरं तर धरायचीही गरज नव्हती. खालचं वाचता आलं पाहिजे, हे तुम्हीच शिकवलंत. खाली लिहिलंय, 'पासवर्डची चिठ्ठी मीच लिहून दिली होती. दर वर्षी तीच भरत होती आणि मंजूरही तूच कर असं मी सांगितलं होतं.'

दुसरा कुणी असता तर त्यानं कागद फाडून नवा घेतला असता. तुम्ही रेघ मारलीत आणि आद्याक्षरं घातलीत. मी ते वाचावं असं तुम्हाला कुठे तरी वाटत असणार. माझं चुकत असेल तर सांगा.

मेघाताई मला आठवतात. बी.कॉम.च्या फॉर्मवर माझं आडनाव चुकलं होतं आणि शेवटचा दिवस होता. त्यांनी जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून ते दुरुस्त करून दिलं. म्हणाल्या, "जा वं, बस चुकन तुई."

सर, मी तुमच्यावर रागावले आहे. किती, ते आत्ता लिहीत बसत नाही, कारण आज ९ तारीख आहे. बावीस दिवस आहेत. प्राचार्यांना चार ओळी लिहा. पासवर्ड मी दिला. मंजूर करायला मी सांगितलं. समितीसमोर मी खोटं बोललो. शेरा काढा आणि दाखला द्या. आजच लिहा. सुंदर मराठीत लिहायचा प्रयत्न करू नका.

दीप्ती


पुणे
२७ ऑगस्ट २०२४

सर,

तुमचं उत्तर नाही. तीनदा फोन केला. सूनबाई म्हणाल्या, वर्षावास चालू आहे, बाबा विहारात वाचनाला गेलेत. तिन्ही वेळा तेच.

चार दिवस उरलेत. पत्र पोचेपर्यंत दोन उरतील. लिहिलं असेल तर फक्त 'ओके' पाठवा. तेवढं येतं तुम्हाला.

दीप्ती


हुडकेश्वर, नागपूर
१५ सप्टेंबर २०२४

चि. दीप्तीस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन वाजत होता तेव्हा मी समोरच बसलो होतो. सुनेला खोटं सांगायला मीच लावलं.

प्राचार्यांना मी लिहिलं. ६ सप्टेंबरला. तारीख वाचूनच तुला सगळं कळलं असेल, तरी मला सांगू दे.

तुझं पत्र मला १४ ऑगस्टला मिळालं. लगेच कागद घेऊन बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं की तेव्हा माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि पेन्शन अडकेल अशी भीती वाटली. वाचून तो फाडला. दुसऱ्यात आनंदराव टेबलावर हात आपटून काय काय बोलत होते ते लिहिलं. तोही फाडला. तिसऱ्यात तू सांगितलेल्या चारच ओळी होत्या. त्याची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. तीन आठवडे ती खिशातच होती. सदरा धुवायला टाकताना काढायची आणि दुसऱ्या सदऱ्यात घालायची, असं चाललं होतं. प्राचार्यांच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

कारण सांगायची लाज वाटते. ५ सप्टेंबरला जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठरवला होता. कामठीचे, वर्ध्याचे, पार रायपूरचे येणार होते. मनाशी म्हटलं, पोरांचा हिरमोड कशाला करायचा, सत्कार आटोपू दे, मग देऊ. आणि ३१ तारखेचं काय? दीप्ती, मी स्वतःला समजावलं की सरकारी तारखा वाढतातच. ही वाढली नाही.

सत्कार झाला. भाषणं झाली. पितळी मानचिन्हावर 'निष्कलंक सेवा' असं कोरलेलं आहे. सुनेनं ते टीव्हीच्या वर ठेवलं होतं, मी कपाटात टाकलं.

दुसऱ्या दिवशी कागद दिला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सर, आता हे कशाले उकरून काढता?" मी म्हणालो, शेरा काढा. त्यांनी काढला. आठवड्यात शोभाताईंनी दाखला टाइप करून दिला. एवढंच काम होतं. मी विचारलं, माझ्या तासांचं काय? ते म्हणाले, "घ्या ना तास. दुसरा मानूस कुठं हाय या विषयाले?" ज्याच्या भीतीनं मी सात वर्षं तोंड शिवून बसलो, त्यातलं काहीच झालं नाही. पेन्शन चालू आहे आणि तासही चालू आहेत. वर्गालाही नावानिशी सगळं सांगितलं. मला वाटलं, गुंजन काही तरी विचारेल. तिनं वही मिटली आणि खाली पाहत बसली.

दाखला घेऊन मी स्वतः कळमेश्वरला गेलो. मेघा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवते, रजिस्टरात, पेननं. मी पोचलो तेव्हा एका गाडीचा नंबर चुकला होता. तिनं एक आडवी रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं घातली आणि वर पाहिलं.

"सर? तुमी काहून आले इतक्या दूर?"

मी दाखला पुढे केला. तिनं ओढणीला हात पुसून तो घेतला आणि सगळा वाचला.

"तारीख गेली जी, सर. एकतीसलेच गेली."

"माहीत आहे मले. माझ्यापायीच गेली. तवाचंबी माझ्यापायीच झालं."

"चाय घेता का?" ती म्हणाली.

चहा आला. तिनं उभ्यानंच घेतला. मध्येच ट्रक आला, ती नोंद करून परत आली. मी माफी मागितली, पण तेवढ्यात मागून दुसरा ट्रक हॉर्न वाजवत आला. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही, आणि पुन्हा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती म्हणाली, "सुट्टी संपून राहिली सर. तुमाले पावनेदोनची बस भेटन." मी त्या बसनं परत आलो.

एक गोष्ट राहिली, तीही लिहून टाकतो. ती चिठ्ठी मी २०१३ साली हजेरीच्या कागदामागे लिहून दिली होती. मेघानं ती समितीसमोर काढली असती तर मला पळायला जागा नव्हती. तिनं काढली नाही, म्हणून मी धरून चाललो की हरवली. पण खरं याच्याही पुढचं आहे. मला विचारलं तेव्हा उत्तर देण्याआधी मी तिच्या हातांकडे पाहिलं होतं. हात रिकामे होते. मग मी 'नाही' म्हणालो.

प्रेमानंद गजभिये


पुणे
२३ सप्टेंबर २०२४

सर,

तुम्हाला माफ करायचा अधिकार माझा नाही, म्हणून त्या वाटेला जात नाही.

माझंच सांगते. दर वर्षी मी तीस-पस्तीस अहवाल देते. त्यातल्या निम्म्यांत एक वाक्य असतं, 'पासवर्ड दुसऱ्या व्यक्तीस दिल्याचे आढळले.' ते लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे जाते. तुमचं पत्र वाचल्यावर गेल्या वर्षीच्या एका कारखान्यात मी फोन लावला आणि विचारलं, त्या वाक्यानंतर काय केलंत? ते म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, त्या मुलीला लगेच काढलं." साहेबांचं काय केलं, असं विचारलं, तर त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. तो अहवाल माझ्या सहीचा आहे. मुलीचं नावही मला माहीत नव्हतं. मी तिला एकदा बोलावून विचारायला हवं होतं, पासवर्ड तुला कुणी दिला. दहा मिनिटांचं काम होतं.

दिवाळीत जरीपटक्याला आईकडे येते आहे. दर वेळी हुडकेश्वरला येते तशी येईनच, असं आत्ता म्हणवत नाही. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटतंय.

दीप्ती


हुडकेश्वर, नागपूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

येणं न येणं तुझ्यावर आहे. मी आग्रह करणार नाही.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलो होतो. दर वर्षी जातो, गर्दीत उभा राहून सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. गेली सात वर्षं त्या ओळीला मी नुसते ओठ हलवत होतो. शेजारच्याला कळत नसे. यंदा मोठ्यानं म्हटलं. वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. घरी येऊन जेवलोही नीट.

चार दिवसांनी सोबतचं पत्र आलं. त्याची नक्कल करून तुला पाठवतो आहे. मूळ माझ्याकडे ठेवलं, आणि त्यासोबत जे आलं तेही. उद्या ते वर्गात नेणार आहे. हातात धरवेल की नाही ते उद्याच कळेल.

प्रेमानंद गजभिये


कळमेश्वर
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,
जयभीम.

तुम्ही आले त्या दिवशी नीट बोलता आलं नाही, ट्रक लागले होते. तुम्ही माफी मागितली ते मी ऐकलं होतं. काय उत्तर द्यावं सुचलं नाही, म्हणून बसचं सांगितलं.

दाखला जपून ठेवला आहे. पुढे जागा निघाली तरी माझं वय त्यात बसणार नाही. पण मुलीला दाखवला. ती तेव्हा शाळेत होती. आईनं काही तरी केलं असेल म्हणूनच काढलं, असं तिच्या मनात होतं. ती कधी बोलली नाही, पण मला कळत होतं. दाखला वाचून ती माझ्याजवळ येऊन बसली. तेवढं त्याचं काम झालं.

मार्क चुकीचे भरले ती चूक माझीच होती. याद्या वेगळ्या लावलेल्या आहेत हे मी पाहायला पाहिजे होतं. पियूषचं वर्ष माझ्यामुळे गेलं. त्याबद्दल समितीनं मला काही विचारलंच नाही, सगळे पासवर्डचंच विचारत राहिले. मी त्याच आठवड्यात पियूषच्या घरी जाऊन माफी मागितली. आनंदराव खूप बोलले. मी ऐकून घेतलं.

यासोबत एक कागद पाठवत आहे. ही तुमची चिठ्ठी. चौकशीच्या दिवशी ती माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स मांडीवर होती. 'सरांनाच विचारा' असं मी म्हणाले, कारण मला खात्री होती. चिठ्ठी काढायची पाळी येईल असं वाटलंच नाही. मग तुम्ही 'नाही' म्हणाले. सर, त्या वेळी मला तुमचीच लाज वाटली. सगळ्यांसमोर तुमचं अक्षर बाहेर काढणं माझ्याच्यानं झालं नाही. पर्सची चेन धरून बसून राहिले. उघडायला पाहिजे होती, हे घरी गेल्यावर कळलं. तेव्हा मुलांच्या फीचे दिवस होते.

शोभाताई सांगत होत्या, तुम्ही आता हाच विषय शिकवता. म्हणून चिठ्ठी पाठवते. मुलांना दाखवायला बरी पडेल. त्यावर तारीख आहे, तुमची आद्याक्षरं आहेत आणि कुठेही खोडलेलं नाही.

आपली,
मेघा रामटेके